रुग्णशय्येवरील रिकामे प्रहर

आहार, औषध, शास्त्र व अभय ही दानाची चार अंगे आपल्या समाजात लहान मुलांसही मुखोद्गत असतात. त्यांपैकी आहारदान व औषधदान यांत आपल्या व्यापारी मंडळींनी कधी हात आखडता घेतल्याचे आमच्या ऐकिवात नाही. महावीर जयंतीस फळवाटप, थंडीत कांबळी, उन्हाळ्यात पाणपोई, कोणा दिवंगताच्या स्मरणार्थ चाकांची खुर्ची अथवा प्राणवायूचे यंत्र, अशी देणगीची परंपरा लहानमोठ्या सर्व पेढ्यांनी चालू ठेवली आहे. तथापि रुग्णालयाच्या खाटेवर आठवडे न् आठवडे पडून राहिलेल्या मनुष्यास रोगाखालोखाल ज्याचे ओझे होते, त्याचा विचार आपल्या सभांतून अद्याप फारसा झालेला नाही. ते ओझे वेळेचे आहे. या वर्षीच्या स्मरणिकेत संपादक मंडळाने आम्हांस चार ओळी लिहिण्याची आज्ञा केली, तेव्हा गव्हाच्या भावतेजीविषयी लिहिण्यापेक्षा या विषयाकडे सभासद बंधुभगिनींचे लक्ष वेधावे असे आमच्या मनाने घेतले.

करोंद या नावाबरोबर आपणांपैकी बहुतेकांस मंडीच आठवते. सीहोर, विदिशा, बैरसिया इकडील गहू, चणा व सोयाबीन घेऊन ट्रॅक्टरच्या रांगा येथे लागतात, आणि येथील शरबती गहू पुण्यामुंबईच्या पोळ्यांपर्यंत पोचतो. परंतु त्याच करोंदमध्ये 'भोपाळ मेमोरियल हॉस्पिटल अँड रिसर्च सेंटर' हे मोठे रुग्णालयही उभे आहे, आणि ते का उभे राहिले हे तरुण सभासदांस सांगणे अगत्याचे आहे. २ व ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट हा विषारी वायू सुटला. हजारो माणसे दगावली. जी वाचली त्यांपैकी कित्येकांची फुप्फुसे व डोळे कायमचे अधू झाले. पुढे सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली वायुपीडितांसाठी पाचशे खाटांचे रुग्णालय बांधण्याचा आदेश दिला, युनियन कार्बाइडच्या भारतीय कंपनीतील भागांच्या विक्रीचा पैसा त्या कामी लागला, आणि २००० साली हे रुग्णालय सुरू झाले. त्या रात्री जी मुले आईच्या कडेवर होती ती आज चाळिशी ओलांडून गेली आहेत, व जे तेव्हा ऐन उमेदीत होते ते आता वृद्ध झाले आहेत.

हे सांगण्याचे कारण एवढेच, की या शहरातील पुष्कळ आजार लवकर आटोपणारे नव्हेत. दम्यासारख्या जुनाट श्वासविकाराचा रुग्ण दर हिवाळ्यात पुन्हा खाटेवर येतो. मूत्रपिंड निकामी झालेल्यास आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येक वेळी सुमारे चार तास, यंत्रास जोडून घेऊन पडून राहावे लागते व त्यातही एक हात हलवावयाचा नसतो. कर्करोगाच्या रुग्णाची औषधाची बाटली थेंबाथेंबाने दिवसभर चालते. अशा माणसाचा दिवस कसा जातो हे भेटीच्या वेळेत सफरचंदांची पिशवी घेऊन जाणाऱ्या आपणांस दिसत नाही. आपण जातो तेव्हा तो उठून बसतो, हसतो, ठीक आहे म्हणतो. खरा दिवस आपण निघून गेल्यावर असतो.

पहाटे दिवे लागतात, परिचारिका ताप व रक्तदाब पाहून जाते. फरशी पुसली जाते. चहा येतो. मग डॉक्टरांच्या फेरीची वाट पाहणे सुरू होते. डॉक्टर येतात, काही मिनिटे थांबतात, कागदावर लिहितात, पुढच्या खाटेकडे वळतात. त्या काही मिनिटांवर रुग्ण उरलेला दिवस काढतो: डॉक्टर कपाळास आठी घालून का पाहत होते, तो इंग्रजी शब्द कोणता होता, शेजाऱ्यास उद्या घरी सोडणार व आपणांस का नाही. दुपारी जेवण झाले की चार वाजेपर्यंत काहीही घडत नाही. पंखा फिरतो. भिंतीवरचे घड्याळ समोर असल्यास अधिकच त्रास. रोगाची वेदना अशा दुपारी दुप्पट होते, कारण तिच्याकडे लक्ष देण्यावाचून दुसरा उद्योगच नसतो. आणि दुपारी कंटाळ्याने झोप झाली की रात्री डोळ्यास डोळा लागत नाही, मग झोपेची गोळी, मग दुसऱ्या दिवशी ग्लानी. असे ते चक्र चालते.

काही सभासद म्हणतील, रुग्णालय हे बरे होण्याचे ठिकाण आहे, करमणुकीचे नव्हे. आमचे म्हणणे असे, की या दोन गोष्टी वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत, आणि हे आमच्या अल्पमतीने सांगत नसून जाणत्यांनी सिद्ध केले आहे. फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर जे पुस्तक लिहिले, त्यात रुग्णाच्या डोळ्यांसमोरील वस्तूंत पालट हवा याविषयी एक स्वतंत्र प्रकरणच घातले आहे. त्याच त्या भिंती पाहून रुग्ण खचतो, आणि रंगीत फुले किंवा हातास झेपेल असे हलके काम त्यास उभारी देते, असा त्यांचा स्वतःचा अनुभव होता. क्रिमियाच्या युद्धात स्कुटारी येथे असता त्यांनी हिंडत्याफिरत्या जखमी सैनिकांसाठी वाचनाची खोली उघडली होती, तीही वरिष्ठ लष्करी अधिकाऱ्यांच्या नाखुशीस न जुमानता. सैनिक वाचू लागले तर बिघडतील, अशी त्या अधिकाऱ्यांस धास्ती होती!

त्यानंतर सव्वाशे वर्षांनी, म्हणजे आपल्या भोपाळवर आपत्ती कोसळली त्याच १९८४ साली, अमेरिकेतील रॉजर उलरिक या संशोधकाने पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांची कागदपत्रे तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केला. निम्म्यांच्या खिडकीतून झाडे दिसत होती व निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे पाहणारे सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि वेदनाशामक तीव्र औषधेही त्यांस कमी लागली. चार डझनांहूनही कमी माणसांवरून सर्व जगाचा हिशेब मांडू नये हे खरे. परंतु या शोधाने रुग्णालये बांधणाऱ्यांचे डोळे उघडले.

याहून मोठा व आपल्या कामास अधिक जवळचा प्रयोग येल विद्यापीठाच्या डॉ. शॅरन इनोये व त्यांच्या सहकाऱ्यांचा आहे. घरातील वडीलधारे माणूस रुग्णालयात गेले आणि तेथे त्यास 'वात' झाला, ते बरळू लागले, मुलास ओळखेना, हा अनुभव आपल्या पुष्कळ घरांत आला असेल. हा वात होण्यापूर्वीच टाळता येईल काय, हे पाहण्यासाठी त्यांनी सत्तर वर्षे व त्यांवरील वयाचे ८५२ रुग्ण निवडले. निम्म्यांस नेहमीची शुश्रूषा मिळाली. उरलेल्यांकडे शिकवून तयार केलेले स्वयंसेवक नित्य जात. आज वार कोणता हे सांगत, बातमीवर बोलत, शब्दांचे खेळ खेळत, जुन्या आठवणी काढावयास लावत, चष्मा व कानाचे यंत्र जवळ आहे ना ते पाहत, धरून चालवीत, आणि रात्री गोळीऐवजी गरम दूध, शांत संगीत व पाठ चोळणे असा उपाय करीत. १९९९ साली फळ प्रसिद्ध झाले ते असे: नेहमीच्या शुश्रूषेत शंभरात १५ जणांस वात झाला, तर या दुसऱ्या गटात शंभरात १० जणांहूनही किंचित कमी. यात महागडे औषध एकही नव्हते. बोलणारे, खेळणारे, वेळेवर येणारे माणूस होते.

आपल्या महाराष्ट्रातही या विचाराचा पाया फार पूर्वी घातला गेला, आणि तो घालणाऱ्या बाईंचे नाव आपल्या लोकांस ठाऊक नसावे याचे आम्हांस वाईट वाटते. कमला निंबकर या जन्माने अमेरिकन. १९३० साली त्या हिंदुस्थानात आल्या, विष्णु निंबकर यांच्याशी विवाह करून निंबकरांच्या घरच्या झाल्या, आणि मायदेशी जाऊन व्यवसायोपचाराचे रीतसर शिक्षण घेऊन परत आल्या. परळच्या केईएम रुग्णालयात त्यांनी या उपचाराचा विभाग उभा केला, व १९५० साली तेथेच त्याचे शिक्षण देणारी देशातील पहिली शाळा काढली. १९५२ साली या व्यावसायिकांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली तीही त्यांच्याच पुढाकाराने. पुढे नागपूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातही हे शिक्षण सुरू झाले. (धान्याच्या व्यापाऱ्यांस म्हणून सांगतो, करडईच्या संशोधनासाठी फलटणची जी निंबकर संस्था नावाजली ती त्यांच्याच चिरंजीवांची.) व्यवसायोपचार म्हणजे हातास काम देऊन हात बरा करणे. लकवा झालेली बोटे नुसती वाकवीत बसण्यापेक्षा त्यांना विणावयास, माती मळावयास, करवत धरावयास लावले, की बोटांबरोबर मनही कामास लागते. अर्थात हे तज्ज्ञाचे शास्त्र आहे, व आपण व्यापाऱ्यांनी त्यात लुडबूड करू नये. परंतु त्यामागील तत्त्व समजून घेतले पाहिजे: रिकामा पडलेला माणूस केवळ कंटाळत नाही, तो आपण कोणाच्या उपयोगाचे राहिलो नाही असे समजू लागतो.

याचे एक उदाहरण आम्ही स्वतः पाहिले आहे. मंडीतील एक वृद्ध हमाल, मूळचा मुलताईकडचा व घरी मराठी बोलणारा, थप्पीवरून घसरून मांडीचे हाड मोडल्यामुळे शहरातील एका रुग्णालयात होता. पायास वजने टांगून सहा आठवडे उताणे पडून राहावयाचे होते. आम्ही भेटावयास गेलो असता फळांकडे त्याने पाहिलेही नाही. म्हणाला, "शेठजी, फळं राहू द्या. मला थोडी सुतळी आणि दाभण आणून द्या." दाभणास परिचारिकेने हरकत घेतली व ती योग्यच होती, सुतळीस मात्र, ती नवी व स्वच्छ असल्याचे पाहून, परवानगी मिळाली. त्या सुतळीची त्याने नुसत्या बोटांनी गाठी मारीत शिंकी केली, बैलांच्या मुसक्या केल्या. तिसऱ्या आठवड्यात शेजारच्या खाटेवरील हात मोडलेले पोर एका हाताने गाठ कशी धरावी हे त्याच्याकडून शिकू लागले. पाचव्या आठवड्यात वॉर्डातील आयाबाईंनी आपल्या घरी शिंके मागून नेले व त्याबद्दल त्यास रोज एक चहा अधिक मिळू लागला. हाड त्यामुळे लवकर जुळले असे आम्ही म्हणणार नाही; हाड आपल्या गतीनेच जुळते. पण पहिल्या भेटीत भिंतीकडे तोंड करून बोलणारा तो म्हातारा शेवटच्या भेटीत आमच्याशी सुतळीच्या भावावरून वाद घालीत होता.

तेव्हा काय करता येईल, याचा विचार करू.

प्रथम पुस्तके. चाकांची एक हलकी गाडी, तिच्यावर दोन फळ्या, आणि ठरलेल्या वारी ठरलेल्या वेळी ती खाटेखाटेशी नेणारा मनुष्य. १९१४ च्या महायुद्धात ब्रिटनमध्ये जखमी सैनिकांस पुस्तके पोचविण्याची मोठी व्यवस्था झाली, आणि पुढे रुग्णालयांतील वाचनालयांचा प्रघात तिकडे रूढ झाला तो त्यातूनच. पुस्तके निवडताना आपली आवड बाजूस ठेवावी. गोष्टी, प्रवास, चरित्रे, विनोद, पाककृती, क्रिकेट, शेती. अक्षर मोठे, पुस्तक वजनाने हलके, कारण उताण्या माणसास जाडजूड ग्रंथ छातीवर पेलत नाही. हिंदी व उर्दू पुस्तके अधिक लागतील. मराठीही ठेवावी. मुलताई, पांढुर्णा, बऱ्हाणपूर इकडून उपचारासाठी भोपाळच्या मोठ्या रुग्णालयांत येणाऱ्यांत घरी मराठी बोलणारी पुष्कळ माणसे असतात. येथे डॉक्टरांशी हिंदीत कसेबसे निभावतात, पण सुखदुःखाचे बोलावयास त्यांस कोणी मिळत नाही. त्यांच्यासाठी आपल्या घरची एखादी आजीबाई तासभर जाऊन बसली, तर ते कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक मोलाचे.

ज्यांस वाचता येत नाही, किंवा ज्यांची दृष्टी गेली आहे, त्यांस वाचून दाखवावे. वायुपीडितांत डोळ्यांचे विकार पुष्कळ असल्यामुळे करोंद भागात तर याची गरज विशेष. वाचणाऱ्याने खुर्ची रुग्णास तोंड दिसेल अशी ठेवावी, आवाज मध्यम ठेवावा, व गोष्ट उत्कंठेच्या जागी थांबवावी, म्हणजे उद्याची वाट पाहण्यास काही कारण उरते. रुग्णालयात उद्याची वाट पाहावयास लावणे ही लहान गोष्ट नव्हे.

येथे कोणी म्हणेल, आता हातोहाती मोबाइल आहे, तुमची गाडी कोण विचारतो? आमचे निरीक्षण वेगळे आहे. मोबाइल असतो तो बहुधा रुग्णाच्या मुलाच्या खिशात, आणि मुलगा औषधांच्या रांगेत. जेथे असतो तेथे दहा खाटांवरून दहा प्रकारची गाणी व भांडणे मोठ्याने ऐकू येतात, व अकराव्या खाटेवरील शस्त्रक्रिया झालेला माणूस डोके धरून पडतो. तरीही हे यंत्र निरुपयोगी नाही. प्रत्येक वॉर्डात पुसून घेता येतील असे काही कानातले संच दिले व जुनी गाणी, व्याख्याने, कथा त्यांतून ऐकण्याची सोय केली, तर यंत्रास जखडलेल्या व हात हलविता न येणाऱ्या रुग्णास याहून चांगले साधन नाही. गावी राहिलेल्या नातवंडांचे तोंड पाहण्याचीही सोय त्यातून होते.

दुसरे, खेळ. याबाबतीत आपल्या परंपरेत एक रत्न पडून आहे. पर्युषणाच्या दिवसांत जुन्या घरांतून ज्ञानबाजी खेळत, ती वडीलमंडळींस आठवत असेल. चौऱ्यांशी घरांचा तो पट, खाली नरकगती, वर सिद्धशिला, पुण्याच्या शिड्या व पापाचे सर्प. महाराष्ट्रात मोक्षपट म्हणून कवड्यांनी खेळत तोही याच्याच गोत्रातला. इंग्रजांनी हा खेळ एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आपल्या देशी नेला, त्यातील तत्त्वज्ञान गाळले, आणि सापशिडी करून आपणांसच परत विकला. व्यापार म्हणावा तर हा! वॉर्डासाठी असा पट पुसता येईल अशा पत्र्यावर छापून घ्यावा, सोंगट्यांस लोहचुंबक लावावे, म्हणजे तिरक्या मांडीवरही घसरणार नाहीत. फासा खाटेखाली पडतो व शोधावयास वाकताना रुग्णाचे टाके ओढले जातात. त्याऐवजी फिरती चकती असावी. बुद्धिबळ, सारीपाट ठेवावेत. कॅरमचा आवाज फार, तो बाहेरच्या व्हरांड्यात बरा. पत्ते ठेवावेत की नाहीत याविषयी आमचे मत विचाराल तर, ठेवू नयेत. मंडीत दुपारच्या वेळी पत्त्यांभोवती काय चालते ते आपण सर्व जाणतो.

तिसरे, हातकाम. लोकर विणणे, कागदाच्या घड्या, मणी ओवणे, चित्रे रंगविणे. सुई, कात्री व दाभण रुग्णालयाच्या संमतीवाचून नेऊ नयेत. झालेली वस्तू रुग्णाची. तिचे प्रदर्शन मांडून आपल्या संस्थेचा फलक वर लावण्याचा मोह आवरावा. हातांस काम व कंठास गाणे मिळाले म्हणजे माणूस कोठवर उभा राहतो हे पाहावयाचे असेल त्यांनी वरोड्याचे आनंदवन पाहावे. बाबा आमट्यांनी कुष्ठरुग्णांसाठी वसविलेल्या त्या वसाहतीतून डॉ. विकास आमटे यांनी 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला व तो मोठमोठ्या रंगमंचांवर गेला.

लहान मुलांची गोष्ट निराळी. मूल आजारी असले तरी ते मूलच असते, आणि खेळणे हे त्याचे काम आहे. या शहरातील रशीदा बी व चंपादेवी शुक्ला या दोन वायुपीडित स्त्रियांस २००४ साली गोल्डमन पारितोषिक मिळाले. त्या पैशांतून त्यांनी आपल्या घरांची डागडुजी केली नाही. वायूच्या व दूषित पाण्याच्या परिणामांमुळे अपंग जन्मलेल्या मुलांसाठी 'चिंगारी ट्रस्ट' स्थापन केला, व उपचाराबरोबर शिक्षण आणि खेळ यांनाही तेथे स्थान दिले. स्वतः नुकसान सोसलेल्या या बायांनी जे जाणले ते आपण लक्षात घ्यावे एवढेच आमचे म्हणणे.

झाडांविषयी थोडे सांगणे भाग आहे, कारण कुंड्या देण्याची हौस आपल्या लोकांस फार. १९९६ साली बैरसिया रस्त्यावर सुरू झालेल्या संभावना दवाखान्याने आवारात औषधी वनस्पतींची बाग लावली, ती रुग्णांच्या डोळ्यांसही औषधच ठरली असेल. परंतु बाग आवारात, खाटेशी नव्हे. ओल्या मातीत बुरशी धरते, आणि ओल लागलेल्या पोत्याचे तोंड सोडताना काय उडते हे धान्यवाल्यास सांगावयास नको. कर्करोगाच्या औषधांनी ज्याची प्रतिकारशक्ती क्षीण झाली आहे किंवा ज्याची फुप्फुसे आधीच दुबळी आहेत, त्यास ती बुरशी घातक ठरू शकते. म्हणून कुंड्या व्हरांड्यात, व रुग्णास चाकांच्या खुर्चीतून तेथवर नेण्यास माणूस. उदबत्ती व निरांजन तर वॉर्डात नेऊच नये. धुराने दम्याचा रुग्ण गुदमरतो, आणि जेथे प्राणवायू चालू असतो तेथे लहानशी ज्योतही आगीस निमंत्रण देते. संसर्गजन्य आजाराच्या खोलीत गेलेले पुस्तक पुन्हा गाडीवर ठेवू नये. प्रत्येक खाटेपासून निघताना हात धुवावे. या सर्व गोष्टी रुग्णालयाच्या मुख्य परिचारिकेस विचारून, तिच्या सोयीने कराव्यात. तिच्या कामात अडथळा आला तर आपला उपक्रम महिनाभरही टिकणार नाही, व टिकू नयेच.

आणखी एक सूचना नाजूक आहे, पण करावीच लागते. आपल्यांत दिगंबर, श्वेतांबर, स्थानकवासी असे सर्व आहेत. वॉर्डात तर हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, शीख व कशासच न मानणारेही असतील. गाडीवर धर्मप्रसाराची पुस्तके ठेवू नयेत. ज्यास स्वधर्माचे वाचन हवे त्याने मागावे व आपण त्याच्या धर्माचे आणून द्यावे. खाटेवरून उठून जाता न येणाऱ्या माणसास उपदेश करणे यात कसली प्रभावना? त्याचप्रमाणे 'आज नको' म्हणण्याचा अधिकार रुग्णास आहे. टोचून घेणे, बाटली लावून घेणे यांस त्यास नाही म्हणता येत नाही. निदान आपल्या पुस्तकास तरी नाही म्हणता यावे.

आता हे करणार कोण? पैशाचा प्रश्न मोठा नाही. गाडी, पट, पुस्तके यांचा सर्व खर्च एका वर्षीच्या फळवाटपाच्या रकमेत बसावा असा आमचा अंदाज आहे. प्रश्न माणसांचा आहे. तत्त्वार्थसूत्राच्या नवव्या अध्यायात आभ्यंतर तपाचे सहा प्रकार सांगितले आहेत. त्यांत वैयावृत्त्य, म्हणजे सेवा, हे तप असून लगेच त्यापुढे स्वाध्याय आला आहे. आणि वैयावृत्त्य ज्यांचे करावयाचे त्या दहांत 'ग्लान' म्हणजे रोगी स्पष्टपणे गणला आहे. शास्त्रातील हा ग्लान म्हणजे आजारी साधू, हे आम्हांस माहीत आहे. पण श्रावकाने तोच भाव व्यवहारात गृहस्थ रुग्णांपर्यंत नेण्यास कोणाची हरकत असेल असे वाटत नाही. उपवास करणाऱ्यांची आपल्यांत वाण नाही. आठवड्यातून एक तास ठरलेल्या वेळी, छायाचित्रकारावाचून, एका खाटेशी जाऊन बसणे हे मात्र कित्येकांस अठ्ठाईपेक्षा कठीण जाईल. ज्यांनी पेढी मुलांवर सोपविली आहे व जे दुपारी गादीवर बसून वर्तमानपत्र तिसऱ्यांदा वाचतात, त्यांनी प्रथम नाव द्यावे. भगिनी मंडळातील ज्यांस विणकाम येते त्यांनी द्यावे. महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींनी द्यावे. परंतु परीक्षेच्या काळात आपल्या जागी दुसरे कोण येईल हे सांगून द्यावे. मंगळवारी चार वाजता येतो असे सांगून न येणारा मनुष्य कधीच न येणाऱ्यापेक्षा अधिक दुःख देतो, कारण खाटेवरील माणूस तीन वाजल्यापासून दाराकडे पाहत असतो.

आमची सूचना अशी, की कार्यकारिणीने प्रथम एकच रुग्णालय, त्यातही एकच वॉर्ड, व आठवड्याचे दोन वार एवढेच हाती घ्यावे. रुग्णालयाच्या अधिकाऱ्यांची लेखी परवानगी घ्यावी. जाणाऱ्यांस परिचारिकांकडून दोन दिवस शिकवून घ्यावे. सहा महिने चालले तर दुसरा वॉर्ड. पुस्तके घरोघर आहेत. दिवाळीची साफसफाई निघेल तेव्हा रद्दीवाल्यास बोलावण्यापूर्वी ती चाळावी, फाटकी व वास येणारी वगळून उरलेली कार्यालयात पोचवावी. कार्यालयातील मुनीमजींनी त्यांची खतावणी ठेवावी. त्या खतावणीत पुस्तके कमी होत जातील, याची चिंता करू नये. एखाद्या रुग्णास घरी जाण्याची परवानगी मिळाली आणि हातातील गोष्ट अर्ध्यावर असली, तर ते पुस्तक त्यास नेऊ द्यावे, व नव्या ओल्या गव्हास वखारीत जशी घट धरतो तशी ती घट धरून पान उलटावे.